लुसी विल्स : फॉलिक ॲसिडच्या गोळीमागच्या डॉक्टर

गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली की 'बाळाला काही त्रास तर होणार नाही ना?' असे तुमच्या मनात येतेच. शंका रास्त आहे. या गोळीची कहाणी मुंबईत सुरू होते.

इंग्लंडमध्ये १८८८ साली जन्मलेल्या डॉ. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. संशय निकस आहारावर होता. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, पण उंदरांचा रक्तक्षय उवांतून पसरणाऱ्या जंतूमुळे होता, असे पुढे निघाले! (उंदरांवरच्या प्रयोगाचा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर हे जरूर आठवा.) मग माकडांवर प्रयोग झाले. स्त्रियांना यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला आणि त्यांचे रक्त वाढले. १९३१ मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केले, मात्र त्यातला नेमका कोणता घटक गुणकारी, हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले.

विल्स १९६४ मध्ये वारल्या. बाळाच्या मणक्यातील व्यंग या गोळीने टळते का, याचे ठोस उत्तर १९९१ मध्ये मिळाले. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम घेतल्यावर व्यंगाचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. इतरांना सहसा याहून बरीच कमी मात्रा पुरते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. म्हणून गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करतात. फिट्सचे औषध चालू असेल तर ते स्वतःहून थांबवू नका. फॉलिक ॲसिडची मात्रा किती हवी, हे डॉक्टरांना विचारा.