निऑनच्या दिव्यातून कमावलं, समुद्रात घातलं! जॉर्ज क्लोद यांची गोष्ट

दुकानाच्या पाटीवर लाल झगमगणारा निऑन दिवा पॅरिसमध्ये १९१० साली लोकांना दाखवला तो जॉर्ज क्लोद यांनी. जन्म १८७० चा. दिव्यांनी पैसा भरपूर दिला. तो त्यांनी समुद्रातून वीज काढायला लावला.

समुद्राचं वरचं पाणी गरम, खोलवरचं गार. हवा काढून घेतलेल्या टाकीत कोमट पाणीही उकळतं. त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग गार पाण्याने वाफ थंड करायची, असा हिशेब.

क्युबाच्या मातान्सास किनाऱ्यावर दोन पाइप समुद्राने गिळले. गडी हटला नाही. १९३० मध्ये जवळपास दोन किलोमीटरचा तिसरा पाइप टाकला, २२ किलोवॅट वीज निघाली. पण यंत्रणा चालवायलाच त्याहून जास्त वीज लागायची. पुढे वादळाने तोही पाइप नेला. १९३५ मध्ये ब्राझीलजवळ जहाजावर केलेला प्रयत्नही लाटांनी मोडला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची साथ दिली म्हणून १९४५ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. नंतर सुटका झाली, १९६० मध्ये ते वारले.

वीज फसली, पण युक्ती टिकली. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये याच गरम-गार पाण्याच्या फरकावर खाऱ्या पाण्याचं पिण्याचं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला.