कार्टर जी. वुडसन

कार्टर गॉडविन वुडसन (१९ डिसेंबर १८७५ – ३ एप्रिल १९५०) हे अमेरिकन इतिहासकार, शिक्षक, संपादक व प्रकाशक होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. १९२६ साली त्यांनी सुरू केलेल्या ‘निग्रो इतिहास सप्ताहा’तूनच आजचा ‘कृष्णवर्णीय इतिहास महिना’ आकारास आला. दर फेब्रुवारीत अमेरिकेतील शाळा व ग्रंथालये या निमित्ताने कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके वाचकांपुढे आणतात.

प्रारंभिक जीवन

वुडसन यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन येथे झाला. वडील जेम्स हेन्री आणि आई अ‍ॅन एलायझा हे दोघेही पूर्वी गुलामगिरीत होते. कुटुंब गरीब असल्याने मुलांना शेतात राबावे लागे आणि शाळा वर्षातून काही महिनेच भरत असे. त्यामुळे वुडसन यांचे बरेचसे प्राथमिक शिक्षण स्वतःच्या प्रयत्नांनी झाले.

पुढे ते वेस्ट व्हर्जिनियातील फेएट परगण्यात कोळशाच्या खाणीत कामाला लागले. तेथे ऑलिव्हर जोन्स या खाणकामगाराशी त्यांचा परिचय झाला. जोन्स हे यादवी युद्धात लढलेले सैनिक होते. त्यांना स्वतःला वाचता येत नसे, तरी त्यांनी घरी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके व वृत्तपत्रे जमवली होती आणि कामगार तेथे एकत्र येत. वुडसन त्यांना वृत्तपत्रे वाचून दाखवत आणि जुन्या कामगारांच्या आठवणी ऐकत. आपल्या समाजाला इतिहास आहे, परंतु तो पुस्तकांत आलेला नाही, याची जाणीव त्यांना येथे झाली.

शिक्षण व अध्यापन

वयाच्या सुमारे विसाव्या वर्षी त्यांनी हंटिंग्टन येथील डग्लस हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत शालेय शिक्षण पूर्ण केले. १९०० साली ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. केंटकीतील बेरिया महाविद्यालयातून १९०३ मध्ये पदवी घेतल्यावर ते शिक्षक म्हणून फिलिपिन्सला गेले. १९०८ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवली, तर १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना इतिहासातील डॉक्टरेट दिली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यानंतर हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकन होत. आईवडील गुलामगिरीत असलेल्या व्यक्तीने इतिहास विषयात ही पदवी मिळवल्याचे त्यांचे उदाहरण विशेष मानले जाते.

संस्था व प्रकाशनकार्य

त्या काळातील अमेरिकन पाठ्यपुस्तकांत कृष्णवर्णीयांचा उल्लेख क्वचितच येई आणि आला तरी गुलामगिरीचे समर्थन करण्यापुरता येई. ज्या समाजाचा इतिहास लिहिला जात नाही, त्याला जगाच्या विचारात स्थान उरत नाही, अशी वुडसन यांची धारणा होती. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांनी शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या जीवन व इतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. जानेवारी १९१६ पासून संस्थेचे ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ हे त्रैमासिक निघू लागले.

प्रस्थापित प्रकाशक अशा विषयांवरील पुस्तके सहसा स्वीकारत नसत. त्यामुळे १९२१ च्या सुमारास वुडसन यांनी ‘असोसिएटेड पब्लिशर्स’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. त्यांचे ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ (१९२२) हे पुस्तक अनेक वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ (१९३३) या ग्रंथात त्यांनी शिक्षणपद्धतीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्वतःला कमी लेखायला शिकवते, असे प्रतिपादन केले. १९३७ साली त्यांनी शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी ‘निग्रो हिस्टरी बुलेटिन’ सुरू केले.

संस्थेला प्रारंभी मोठ्या दानसंस्थांचे साहाय्य मिळत होते. संस्था एखाद्या विद्यापीठाशी जोडावी, असा आग्रह पुढे धरला गेला. स्वायत्तता गमावण्यास वुडसन तयार नव्हते. १९३० च्या दशकात हे साहाय्य बंद पडले, तेव्हा शिक्षक, चर्च, महिला मंडळे व सामान्य कृष्णवर्णीय नागरिक यांच्या लहान लहान देणग्यांवर काम चालू राहिले. वुडसन अविवाहित होते. वॉशिंग्टनमधील नाइन्थ स्ट्रीटवरील त्यांचे घर हेच संस्थेचे कार्यालय होते.

इतिहास सप्ताह

पहिला सप्ताह फेब्रुवारी १९२६ मध्ये पाळण्यात आला. अब्राहम लिंकन (१२ फेब्रुवारी) आणि फ्रेडरिक डग्लस (१४ फेब्रुवारी) यांचे जन्मदिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच साजरे करत असल्याने हा आठवडा निवडला गेला. संस्था शाळांना चित्रे, नाटुकली व वाचनासाठी ग्रंथसूची पुरवत असे. तथापि केवळ थोर व्यक्तींचा गौरव करणे वुडसन यांना पुरेसे वाटत नव्हते. वर्षभर केलेल्या अभ्यासाचा सप्ताहात आढावा घ्यावा आणि पुढे या इतिहासाला नित्याच्या अभ्यासक्रमात स्थान मिळावे, हा त्यांचा हेतू होता.

मृत्यू व वारसा

३ एप्रिल १९५० रोजी वुडसन यांचे वॉशिंग्टनमधील राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात १९७० साली हा उपक्रम पूर्ण महिनाभर साजरा झाला, तर १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या महिन्यास मान्यता दिली. वुडसन यांचे घर आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले आहे. त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही दरवर्षी या महिन्यासाठी एक विषय जाहीर करते.