औषधाआधी सापडला औषधाचा वैरी

शिळफाट्यावरच्या औषधाच्या दुकानात अ‍ॅमॉक्सिसिलिन मागितले, तर काही पाकिटांवर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे दुसरे नावही दिसते. हे दुसरे औषध स्वतः जंतू फारसे मारत नाही, ते पहिल्याची राखण करते. कोणापासून, हे अर्न्स्ट चेन यांनी शोधले.

चेन यांचा जन्म १९०६ चा, बर्लिनचा. पियानो उत्तम वाजवत. त्यातच कारकीर्द करावी असेही त्यांच्या मनात होते. पण शिकले रसायनशास्त्र. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच हा ज्यू तरुण जेमतेम दहा पौंड खिशात घेऊन इंग्लंडला पोचला. मागे राहिलेली आई आणि बहीण नाझींच्या छळात मारल्या गेल्या.

ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्यासोबत काम करताना त्यांच्या हाती फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनवरचा जुना लेख आला. मे १९४० मध्ये पेनिसिलिनने उंदीर वाचवले. त्याच वर्षी डिसेंबरात चेन आणि एडवर्ड एब्रहम यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण छापले. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूंपासून काढलेला अर्क पेनिसिलिन निकामी करत होता. त्यातल्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, त्यांनी पेनिसिलिनेज म्हटले. संसर्ग झालेल्या पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन टोचले गेले ते यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये!

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे ताणलेले कडे असते. जंतूची भिंत बांधणे थांबते ते त्याच्यामुळेच. विकर पाण्याच्या मदतीने नेमके हेच कडे तोडतो. असे कडे आहे, हे चेन आणि एब्रहम आधीपासून सांगत होते. अनेकांना ते पटत नव्हते. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी ते सिद्ध केले. त्याच वर्षी चेन यांना फ्लेमिंग व फ्लोरींसह नोबेल मिळाले.

१९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात पू करणारे बरेचसे स्टॅफिलोकोकस जंतू हा विकर बनवू लागले होते. आपल्याकडे तर घाटावर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली १९५४ मध्ये.

चेन तेव्हा रोममध्ये होते. तिथे त्यांच्याकडे काम केलेल्या बीचम कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्यातून विकराला न जुमानणारे मेथिसिलिन निघाले. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडले. या वेळी युक्ती निराळी होती: औषध तोडण्याऐवजी ते जिथे चिकटते ती जागाच बदललेली.

विकरालाच अडकवून ठेवणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मातीतल्या जंतूपासून मिळाले. ते घातलेली गोळी १९८१ मध्ये बाजारात आली. चेन १९७९ मध्येच आयर्लंडमध्ये वारले होते.