विश्लेषण : करवंटीच्या घड्याळावर चालणाऱ्या जहाजातून आरू बेटांवर... डार्विनइतकेच महत्त्वाचे वॉलेस कोण होते?

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत म्हटले की चार्ल्स डार्विन आठवतात. त्याच निष्कर्षावर स्वतंत्रपणे पोहोचलेले आल्फ्रेड रसेल वॉलेस मागे राहतात. आणि वॉलेस यांना बेटांवर नेणारे खलाशी तर कुणाच्याच लक्षात नसतात.

वॉलेस कोण होते?

जन्म ८ जानेवारी १८२३, वेल्समधील अस्क येथे. परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. जमीन मोजणीचे काम केले. पुढे चार वर्षे ॲमेझॉनच्या जंगलात काढली. १८५२ मध्ये परतताना जहाजाला आग लागली आणि बहुतेक संग्रह जळाला. तरीही १८५४ मध्ये ते मलय द्वीपसमूहात गेले आणि आठ वर्षे तिथेच फिरले.

आरू बेटांवर कसे पोहोचले?

न्यू गिनीजवळची ही बेटे आज इंडोनेशियात आहेत. मकास्सरचे व्यापारी तिथे वर्षातून एकदाच जात. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेच्या वाऱ्यावर जायचे, वारा फिरला की जुलै-ऑगस्टमध्ये परतायचे. डिसेंबर १८५६ मध्ये वॉलेस अशाच एका ‘प्राऊ’ जहाजात चढले. अंतर सुमारे १६०० किलोमीटर.

जहाजावरचे घड्याळ म्हणजे बादलीत तरंगणारी, बारीक छिद्राची करवंटी. ती भरून बुडाली की एक तास झाला. आपल्याकडच्या घटिकापात्राचेच तत्त्व. वॉलेस यांनी ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिले, तर फरक जेमतेम मिनिटाचा!

तिथे काय दिसले?

चौतिसाव्या वाढदिवशी ते डोबो बंदरात उतरले. मकास्सरी, बुगी, चिनी व्यापारी तिथे शिंपले, समुद्रकाकडी आणि बर्ड ऑफ पॅराडाइज पक्ष्यांची खरेदी करत. ना पोलीस, ना कोर्ट. तरी व्यवहार शांततेत चालत, याचे वॉलेस यांना नवल वाटले. कीटकदंशाने पायाला जखमा होऊन ते बरेच दिवस घरात अडकले. तरीही सहा महिन्यांत ९ हजारांहून अधिक नमुने जमले.

हा प्रवास महत्त्वाचा का?

बोर्निओ आणि न्यू गिनीचे हवामान सारखे, पण प्राणी वेगळे. आरू न्यू गिनीपासून समुद्राने तुटलेले, तरी प्राणी तिथल्यासारखेच. म्हणजे प्राणी कुठे आढळतात, हे केवळ हवामानावर ठरत नाही. जमीन पूर्वी कशाला जोडलेली होती, यावरही ठरते. १८५८ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत डार्विन यांना पाठवला. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले.

श्रेय कुणाचे?

१९१३ मध्ये निधन होईपर्यंत वॉलेस यांनी डार्विन यांच्याशी श्रेयाचा वाद घातला नाही. पण त्यांच्यासाठी पक्षी टिपणारा सारावाकचा अली आणि वाऱ्याचे वेळापत्रक पाठ असलेले मकास्सरचे खलाशी नसते, तर ते आरूपर्यंत पोहोचून एवढा संग्रह जमवूच शकले नसते.