डोळस सम्राट

शिक्रा हा पक्षी आकाराने जेमतेम कबुतराएवढा; परंतु त्याची चाहूल लागताच अंगणातील चिमण्यांचा चिवचिवाट क्षणात थांबतो. अशा शिकारी पक्ष्यांना माणसाळवून त्यांच्याकडून शिकार करून घेण्याची विद्या फार प्राचीन आहे. ती अनेक राजांना अवगत होती. पण तिच्या निमित्ताने पक्ष्यांच्या जीवनाचा कसून अभ्यास करणारा राजा विरळाच. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक हा असा विरळा राजा होता.

फ्रेडरिकचा जन्म २६ डिसेंबर ११९४ रोजी इटलीतील येझी या गावी झाला. चार वर्षांचा होण्यापूर्वीच तो आईवडिलांना पारखा झाला. सिसिलीच्या गादीचा हा पोरका वारस पालेर्मो नगरात वाढला. तेथे ग्रीक, लॅटिन आणि अरबी या भाषा नांदत होत्या. पुढे १२२० मध्ये तो सम्राट झाला. पण ज्ञान कोणाकडूनही घ्यावे, ही वृत्ती त्याने सोडली नाही. शिकारी पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून त्याला शांत ठेवण्याची रीत त्याने अरबांकडून उचलली. ससाण्यांवरील एका अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर त्याने करवून घेतले आणि फाएन्झा नगराला वेढा घालून बसला असताना ते स्वतः तपासले.

ससाणा माराने वश होत नाही, हे फ्रेडरिक जाणून होता. त्याला हातावर घेऊन तासन् तास वागवावे लागते, हातानेच भरवावे लागते. म्हणून आळशी, मद्यपी किंवा रागीट माणसाने या वाटेला जाऊ नये, असे त्याचे मत होते.

ऐकीव गोष्टीवर विसंबणे त्याला मान्य नव्हते. उत्तरेकडील एका जातीचे हंस जहाजांच्या कुजक्या लाकडातून जन्मतात, असा त्या काळी समज होता. फ्रेडरिकने माणसे पाठवून तसले लाकूड आणविले. त्याला शिंपले चिकटलेले होते. पण त्यांत पक्ष्याचा मागमूसही नव्हता. हे हंस दूर, निर्जन प्रदेशात घरटी करीत असले पाहिजेत, असे अनुमान त्याने काढले आणि पुढे तेच खरे ठरले. गिधाडे वासावरून भक्ष्य शोधतात की काय, हे पाहण्यासाठी त्याने काही गिधाडांचे डोळे बंद करविले. तेव्हा समोर टाकलेले मांसही त्यांना उमगले नाही. अॅरिस्टॉटलसारख्या थोर पंडिताचे म्हणणे अनुभवाशी जुळले नाही, तेव्हा त्याने तेही नाकारले.

अशा निरीक्षणांतून, सुमारे तीस वर्षांच्या परिश्रमानंतर, पक्ष्यांच्या साहाय्याने शिकार करण्याच्या कलेवरील त्याचा लॅटिन ग्रंथ आकारास आला. पक्ष्यांचा आहार, घरटी, पिसे, उड्डाण आणि स्थलांतर यांचे त्यात सविस्तर वर्णन आहे.

परंतु हाच छंद एकदा त्याला फार महाग पडला. पार्मा नगराला वेढा घालताना त्याने जवळच आपली छावणी वसविली आणि तिला मोठ्या अभिमानाने ‘विजय’ असे नाव दिले. फेब्रुवारी १२४८ मध्ये एके दिवशी तो ससाणे घेऊन शिकारीस गेला. ती संधी साधून पार्मावासी बाहेर पडले आणि त्यांनी छावणी लुटून जाळून टाकली. राजमुकुट गेला, खजिना गेला आणि त्याबरोबर सम्राटाच्या ग्रंथाची सुंदर प्रतही गेली. ती त्याला पुन्हा कधीच मिळाली नाही.

१३ डिसेंबर १२५० रोजी फ्रेडरिकचे निधन झाले. त्याचा पुत्र मॅनफ्रेड यालाही पक्ष्यांचे वेड होते. त्याने वडिलांची टिपणे जमवून ग्रंथ नीट लावला आणि त्यात स्वतःची भर घातली. शेकडो पक्ष्यांच्या चित्रांनी नटलेली त्याची हस्तलिखित प्रत आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

वीस वर्षांच्या आतच त्या घराण्याची सत्ता लयास गेली. जे तलवारीने मिळविले होते ते नाहीसे झाले. जे डोळसपणे पाहून लिहिले होते ते मात्र टिकले.