कामगाराचा हात मशीनमध्ये गेला तर खर्च कोणाचा? नागपूरच्या एम्प्रेस मिलनं कायद्याच्या २८ वर्षं आधी उत्तर दिलं होतं

पावसाळ्याआधीचं वादळ आलं की नागपुरात झाडं आडवी होतात. मग चेनसॉ घेतलेली माणसं येतात. पायात चप्पल, डोक्याला गमछा, डोळ्यांवर काहीच नाही. खरं तर चेनसॉ चालवताना हेल्मेट, जाळीची काच, कानावर मफ आणि खास पॅन्ट लागते. या पॅन्टमध्ये पुढच्या बाजूला लांब धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागलीच तर ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. म्हणजे पाय वाचवतो तो धागाच.

पण ही पॅन्ट विकत घ्यायची कोणी? कामगारानं की काम देणाऱ्यानं? हा वाद याच नागपुरात, धाग्याच्याच धंद्यात, दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. आणि त्यात एक नाव येतं, जमशेटजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करायचे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि टाटांचाही व्यापार अडचणीत आला. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी सुरू केली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली.

नंतर ते लँकेशायरला जाऊन गिरण्या बघून आले. मोठी गिरणी काढायची हे ठरलं होतं, प्रश्न फक्त जागेचा होता. सगळे मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा या माणसानं नागपूर निवडलं. कारण साधं होतं. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा आणि १८६७ मध्ये रेल्वेही आलेली.

स्टेशनजवळ, जुम्मा तलावाच्या बाजूची दलदलीची जमीन त्यांनी घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, कारण त्याच्या मते हा माणूस मातीत सोनं पुरत होता. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात, की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. मॅनेजर होते बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेतून आलेले, कापडाचा अनुभव शून्य.

आता त्या काळची गिरणी कशी असायची ते बघा. एका इंजिनवरून छताखालच्या दांड्यांना गती, दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्राला. धोतराचा सोगा किंवा सैल बाही पट्ट्यात गेली की माणूसच ओढला जायचा. हवेत कापसाचं तूस. ते छातीत जातं आणि एका ठिणगीनं पेटतं. त्यात नागपूरचा उन्हाळा. कोरड्या हवेत सूत तुटतं, तूस आणखी उडतं.

एम्प्रेसमध्ये यावर दोन गोष्टी बसवल्या गेल्या. एक, हवेत ओलावा सोडणारे ह्युमिडिफायर. यात मालकाचा फायदा होताच, सूत कमी तुटतं. दुसरी, आगीचे स्प्रिंकलर. पाण्याच्या नळाचं तोंड लवकर वितळणाऱ्या धातूनं बंद केलेलं असतं, उष्णता वाढली की तो वितळतो आणि पाणी आपोआप सुरू होतं. ही दोन्ही उपकरणं आणणाऱ्या देशातल्या पहिल्या गिरण्यांमध्ये एम्प्रेसचं नाव घेतलं जातं.

कामगार वारंवार दांड्या मारायचे. दंड लावणं ही तेव्हाची सोपी रीत. जमशेटजींनी त्याऐवजी बक्षिसं सुरू केली, घड्याळं, कापड, रोख रक्कम. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला. आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्याला गिरणी नुकसानभरपाई देऊ लागली. देशात याचा कायदा झाला १९२३ मध्ये.

अर्थात, एम्प्रेस म्हणजे स्वर्ग नव्हता. भारतातला नोंदलेला पहिला संप म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १८७७ मध्ये याच गिरणीत, मजुरीच्या दरावरून झाला. ही गोष्ट टाटांच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातही ७ वर्षांच्या पोराला कामावर ठेवायला परवानगी होती आणि मोठ्यांच्या तासांवर मर्यादाच नव्हती. मास्क, हातमोजे, चष्मा वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. भरपाई मिळते ती हात गेल्यावर, हात जाऊ नये म्हणून नाही. तरीही अपघात म्हणजे कामगाराचं नशीब, असं मानायच्या काळात गिरणीनं तो खर्च स्वतःच्या हिशोबात धरला, हे मोठंच.

१९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथं जमशेटजी गेले. त्यांचा पोलाद कारखाना उभा राहिला तो त्यांच्यानंतर, आणि त्या गावाला नाव मिळालं जमशेदपूर.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांकडून राज्य सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. जुम्मा तलाव आता गांधीसागर म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेजारी, गिरणीच्या जागेवर, आज एम्प्रेस मॉल आहे.