सरसेनापतीपदाची तीस वर्षांची वाट

२०२५ सालच्या १५ जानेवारीला सेनादिनाचे संचलन पुण्यात झाले. त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. वर्गात सहज विचारले, की सेनादिनासाठी हीच तारीख का? एकाने एखाद्या युद्धातील विजयाचा तर्क केला, दुसऱ्याने सेनेच्या स्थापनेचा. वस्तुतः १९४९ साली त्या तारखेस दिल्लीत जे घडले ते वरपांगी एखाद्या कचेरीतील बदलीइतके साधे होते. जनरल सर रॉय बुचर यांनी भारतीय भूसेनेच्या सरसेनापतीपदाचा कार्यभार सोडला आणि कोडंदेरा मडप्पा करिअप्पा यांनी तो स्वीकारला. एक अधिकारी गेला, दुसरा आला. परंतु या साध्या घटनेस तीस वर्षे का लागली, हे पाहू गेल्यास आपल्या सेनेच्या इतिहासातील बराच मोठा भाग उलगडतो. 'सेनेत पुढे काय संधी आहे?' असे विचारणाऱ्या तरुणांनी तो मुद्दाम पाहावा.

करिअप्पा यांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कूर्ग प्रांतातील शनिवारसंते या गावी झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. मडिकेरीला शालेय शिक्षण आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पुढील अध्ययन, हा क्रम त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातील कोणाही हुशार मुलाचाच. त्या वाटेने ते वकील किंवा मामलेदार झाले असते. पण पहिले महायुद्ध सुरू होते आणि इंग्रज सरकारला आपल्या धोरणात एक फट ठेवणे भाग पडले होते.

ही फट कोणती, ते समजण्यासाठी त्या सेनेची घडण पाहिली पाहिजे. लाखो हिंदी शिपाई ज्या सेनेत होते, तिच्यात हिंदी माणसाला चढता येईल असा शेवटचा हुद्दा सुभेदार-मेजरचा होता. त्याची सनद व्हाइसरॉयची. गोऱ्या अधिकाऱ्याची सनद राजाची. परिणामी तीस वर्षे पलटणीत काढलेला, लढायांतून तावून सुलाखून निघालेला सुभेदार-मेजर हा विलायतेहून कालपरवा आलेल्या वीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटच्या खालचा मानला जाई. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही जन्मावर आधारलेली मक्तेदारी होती. तिला जोड होती ती 'लढाऊ जातीं'च्या सिद्धान्ताची. १८५७ नंतर ज्यांच्यावर भरवसा वाटेना त्यांना वगळायचे आणि मग ते मुळातच लढवय्ये नाहीत असे शास्त्र रचायचे, असा तो प्रकार. महार समाजाच्या तरुणांना याच सिद्धान्ताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेनेचा दरवाजा बंद केला. ज्या समाजाला पोटापाण्याचे आणि प्रतिष्ठेचे दुसरे साधन फारसे नव्हते, त्याचे त्यामुळे किती नुकसान झाले याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

महायुद्धात हिंदी शिपायांनी फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत रक्त सांडले. त्याची अंशतः परतफेड म्हणून १९१७ साली हिंदी तरुणांना राजाच्या सनदेस पात्र ठरवण्यात आले. इंदूरला छात्र महाविद्यालय निघाले. त्याच्या पहिल्या तुकडीत करिअप्पांची निवड झाली आणि १ डिसेंबर १९१९ रोजी ते अधिकारी झाले. त्यांची पहिली नेमणूक मुंबईस, कर्नाटिक इन्फन्ट्रीमध्ये होती. त्यानंतर मेसोपोटेमिया, वायव्य सरहद्द आणि काही पलटणी बदलल्यावर १९२३ मध्ये राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत ते स्थिरावले. तेथेच एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला त्यांचे नाव उच्चारता येईना म्हणून तिने त्यांना 'किपर' हे नाव दिले. ते आयुष्यभर त्यांना चिकटले.

दरवाजा उघडला खरा, पण आतल्या खोल्यांना कुलपे होतीच. १९२३ साली सरकारने आठ पलटणींची योजना आणली. हिंदी अधिकाऱ्यांना केवळ या आठ ठिकाणीच नेमायचे, म्हणजे एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नाही, असा तिचा अर्थ होता. करिअप्पांची राजपूत पलटण या आठांत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटणही होती. योजनेचे नाव हिंदीकरणाचे, व्यवहार अलगीकरणाचा! नोकरशाहीची ही रीत आपल्या परिचयाची आहे.

अशा वातावरणात करिअप्पा टिकले ते काटेकोरपणाच्या बळावर. पोशाख, वेळ, भाषा, जेवणाचे शिष्टाचार या साऱ्यांत ते इंग्रजांहून इंग्रज झाले, अशी टीका त्यांच्यावर पुढे झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. त्यांचे हिंदुस्थानी अखेरपर्यंत कच्चे राहिले. जवानांसमोरच्या त्यांच्या भाषणांचे किस्से सेनेत अजून सांगतात. तथापि ज्याला पावलोपावली परीक्षा द्यावी लागते, त्याने परीक्षकाचेच नियम अधिक कडकपणे पाळावेत यात नवल नाही. १९३३ साली क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी ठरले. त्यानंतरही पलटणीचे नेतृत्व मिळायला १९४२ साल उजाडावे लागले. हा मानही हिंदी माणसाला प्रथमच मिळत होता. १९४४ मध्ये ते ब्रिगेडियर झाले, तेही हिंदी अधिकाऱ्यांत पहिले. इराक, सीरिया, इराण आणि ब्रह्मदेश येथील युद्धक्षेत्रांचा अनुभव त्यांनी या वर्षांत घेतला.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धात ही सेना सुमारे पंचवीस लाखांवर गेली. एवढ्या सेनेला पुरतील इतके गोरे अधिकारी आणायचे कोठून? आरंभी शेकड्यांनी मोजावेत इतकेच असलेले हिंदी अधिकारी युद्धाच्या शेवटी काही हजार झाले. महार रेजिमेंटही १९४१ मध्ये उभी राहिली. तत्त्वज्ञानाने जे झाले नाही ते तुटवड्याने केले. मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देतो. विद्यार्थी ते विसरत नाहीत.

१९४७ मध्ये फाळणी झाली. सेनेची वाटणी झाली. ज्यांनी एका ताटात जेवण केले ते दोन सैन्यांत गेले. जानेवारी १९४८ मध्ये करिअप्पांकडे पश्चिमेकडील सेनाविभागाची सूत्रे आली आणि काश्मीरच्या लढाईची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर पडली. नौशेराचा बचाव झाला, मार्चमध्ये झांगर परत घेतले गेले, नोव्हेंबरात रणगाडे झोजी ला खिंडीत चढवून द्रास-कारगिलचा मार्ग मोकळा केला गेला आणि लेहचा संपर्क पुन्हा जुळला. याच मोहिमेत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे सलग तीन-चार दिवस गोळीबारात काढणारे बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे परमवीरचक्राचे मानकरी झाले. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून भरती झाले होते आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. ज्या भिंतीपाशी सुभेदार-मेजरांच्या पिढ्या थांबल्या, ती या कारवारी तरुणाने सात वर्षांत ओलांडली होती.

सरसेनापती झाल्यावर करिअप्पांनी केलेले सर्वांत दूरगामी काम माझ्या मते रणांगणावरचे नाही. १९४९ साली त्यांनी 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' उभारली. तिच्यात भरतीसाठी जात, धर्म वा प्रांत पाहायचा नाही, असे ठरले. जुन्या चार नामांकित पलटणी त्यांची जातिवाचक वा प्रांतवाचक नावे टाकून तीत सामील झाल्या. त्यांतील एक राजपूत रेजिमेंटची पहिली पलटण होती. ती करिअप्पांची स्वतःचीच पलटण. दुसऱ्याच्या घरापासून सुधारणा सुरू करणारे पुष्कळ असतात. यांनी आपल्या घराची पाटी आधी उतरवली. हा प्रयोग संपूर्ण सेनेत मात्र पसरला नाही. जुन्या रेजिमेंटांची रचना बहुतांशी जुन्याच धर्तीवर राहिली. तिच्यामुळे पलटणीत एकजूट राहते, असे तिचे समर्थक सांगतात. त्यात तथ्य असेल. पण नोकरीची संधी जन्मानुसार कमीअधिक होते, ही अडचण त्याने सुटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. इंदूरच्या त्या मर्यादित छात्रशाळेनंतर तीस वर्षांनी कोणत्याही घरातील मुलाला स्पर्धा परीक्षेने अधिकारी होण्याची वाट खुली झाली. 'कोणत्याही घरातील' म्हणताना त्यात मुली नव्हत्या. त्यांना या प्रबोधिनीत प्रवेश मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि २०२२ साल यावे लागले, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. फटीचा दरवाजा होण्यास वेळ लागतो तो असा.

करिअप्पांना जे पद मिळाले, ते त्यांच्या हाती येईपर्यंत आक्रसले होते, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीतील सरसेनापती व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळाचा सदस्य असे. मानाच्या उतरंडीत व्हाइसरॉयनंतर त्याचेच नाव. त्याचा दिल्लीतील प्रशस्त बंगला १९४८ साली पंतप्रधानांचे निवासस्थान झाला, तोच आजचा तीन मूर्ती भवन. सरसेनापती हे नावसुद्धा १९५५ साली गेले आणि भूसेनाप्रमुख हा हुद्दा आला. शेजारच्या देशात याच काळात सेनापती सत्तेच्या दिशेने सरकत होते. आपल्याकडे मान कमी झाला, तरी करिअप्पांनी पदावर असताना कुरकूर केली नाही, आणि सेनेला राजकारणापासून अलिप्त ठेवण्याचा कटाक्ष बाळगला. आझाद हिंद सेनेतील सैनिकांना पुन्हा सेनेत सामावून घेण्यासही त्यांचा विरोध होता तो याच भूमिकेतून. नेताजींच्या चाहत्यांना हा निर्णय कठोर वाटला; मलाही तो पूर्णतः न्याय्य वाटत नाही. मात्र त्यामागचे भय खोटे नव्हते.

१४ जानेवारी १९५३ रोजी ते निवृत्त झाले. नंतर १९५६ पर्यंत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे ते आपले उच्चायुक्त होते. त्यापुढील करिअप्पा मात्र तेवढे सावध राहिले नाहीत. देशात बजबजपुरी माजली आहे, तेव्हा काही काळ राष्ट्रपती राजवट आणावी, अशा अर्थाची मते त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे मांडली आणि त्यांवर योग्य ती टीका झाली. १९७१ साली मुंबईतून लोकसभेची निवडणूक त्यांनी लढवली आणि मतदारांनी त्यांना घरी पाठवले. गणवेशात असताना ज्या मर्यादेचे महत्त्व त्यांनी इतरांना शिकवले, ती गणवेश उतरवल्यावर त्यांना स्वतःला जाचली असावी.

माजी सैनिकांच्या प्रश्नांकडे मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाठ फिरवली नाही. गावोगाव फिरून निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि दुसरी नोकरी यांबाबत ते चौकशी करीत. साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या गावांत सेनेच्या निवृत्तिवेतनावर किती चुली पेटत आल्या, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. २०२२ पासून जवानांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होतात. बाकीच्यांना एकरकमी रक्कम मिळते, निवृत्तिवेतन नाही. माझ्याकडे अर्जावर सही घ्यायला येणाऱ्या मुलांना मी परावृत्त करीत नाही. परंतु पंचविशीच्या आत हाती आलेल्या त्या रकमेचे काय करणार, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतो. बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो, आणि सरकारनेही तो पुरेसा केला आहे असे मला वाटत नाही.

१९६५ च्या युद्धात करिअप्पांचे वायुदलात असलेले चिरंजीव विमान पडून पाकिस्तानच्या हाती सापडले. तिकडचे राष्ट्राध्यक्ष आयुब खान हे फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले अधिकारी. त्यांनी मुलाच्या सुटकेची तयारी कळवली. साऱ्या युद्धकैद्यांना आपण मुलगेच मानतो, तेव्हा एकट्यासाठी सवलत नको, असे करिअप्पांनी उलट कळवले. मुलगा इतरांबरोबरच परतला, १९६६ मध्ये.

१९८६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, सरकारने त्यांना फील्ड मार्शलचा दंड दिला. १५ मे १९९३ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले आणि मडिकेरीत अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी तेथे दुसरे फील्ड मार्शल, सॅम माणेकशा, उपस्थित होते. माणेकशा हे १९३२ साली डेहराडूनला सुरू झालेल्या लष्करी प्रबोधिनीच्या पहिल्या तुकडीचे. इंदूरहून निघालेल्या त्या पहिल्या मोजक्या तरुणांनंतर तेरा वर्षांनी ती तुकडी दाखल झाली होती.